‘पॉश’ म्हटलं की इंग्रज का लाजतो?

माझी भाची उत्तर इंग्लंडात शिकते. तिच्या वर्गातल्या एका मुलीने तिला सुट्टीत घरी नेलं. दगडी घर, अंगणाऐवजी चक्क कुरण, दोन घोडे, तीन कुत्री. घरात मात्र थंडी, जिन्यावर ओल, आणि गाडीत कुत्र्यांचे इतके केस की स्वेटर झटकताना पुरेवाट झाली. भाचीने आपलं मनापासून कौतुक केलं, ‘तुमचं घर किती पॉश आहे!’ ती मुलगी लाल झाली. ‘छे, आम्ही काही पॉश नाही.’ जेवताना हे तिच्या आईच्या कानावर गेलं, तर तीही घाईघाईने तेच म्हणाली.

भाचीने मला विचारलं, ‘मामा, मी काय वावगं बोलले?’

आपल्याकडे ‘पॉश’ म्हणजे चकाचक. पॉश फ्लॅट, पॉश हॉटेल, ‘पॉश वस्तीत भरदिवसा घरफोडी’. (हल्ली ऑफिसात ‘पॉश’ची समिती असते ती वेगळी, तिचा संबंध लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याशी.) आपण हा शब्द वस्तूला लावतो आणि कौतुकाने लावतो. ब्रिटनमध्ये तो माणसाला लावतात, आणि माणसाला लावला की त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे सांगणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही.

२०२३ मध्ये फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमवरची नेटफ्लिक्सची मालिका आली, तेव्हा तिचा एक तुकडा आपल्याकडच्या फोनांवरही खूप फिरला. त्याची बायको व्हिक्टोरिया सांगत असते की आमचं घर कष्टकरी वर्गातलं. डेव्हिड दारातून डोकं आत घालतो आणि म्हणतो, खरं सांग. वडील तुला शाळेत कुठल्या गाडीतून सोडायचे? ती आढेवेढे घेते. तो सोडत नाही. शेवटी कबुली येते : ऐंशीच्या दशकात वडिलांकडे रोल्स-रॉइस होती. आणि ‘स्पाइस गर्ल्स’ या गाणाऱ्या मुलींच्या चमूत ही बाई प्रसिद्ध कशी झाली, तर ‘पॉश स्पाइस’ या नावाने!

आपण हसलो ते ‘पकडली गेली’ म्हणून. पण तिथल्या हिशेबाने ती धडधडीत खोटं बोलत होती असं म्हणता येत नाही. तो हिशेब समजला तर श्रीमंतांसाठीचे सगळे ब्रिटिश शब्द उलगडतात.

## पैसा आज येतो, मुरायला वेळ लागतो

आपण ‘उच्च मध्यमवर्ग’ म्हणतो तेव्हा मनात पगार असतो. ब्रिटनमध्ये ‘क्लास’ म्हणजे वर्ग, आणि तो पगारावर ठरत नाही. घराणं कुठलं, शाळा कुठली, उच्चार कसा, जेवणाच्या वेळेला काय म्हणता, यांचं ते मिश्रण आहे. कैरी, मोहरी, तेल, मीठ सगळं उंची आणा, आज घातलेलं लोणचं आज मुरत नाही. वर्गाचं तसंच आहे. व्हिक्टोरियाच्या वडिलांनी इलेक्ट्रॉनिक सामानाच्या धंद्यात पैसा केला आणि रोल्स-रॉइस घेतली. ती फोडणी झाली, मुरलेलं लोणचं नव्हे. उलट भाचीच्या मैत्रिणीच्या घरी छताला ओल होती, पण ते छत पणजोबांचं होतं.

म्हणून तिथल्या बोलीत श्रीमंतीचे शब्द वेगळे आणि वर्गाचे वेगळे. ‘मिन्टेड’ म्हणजे ज्याच्या घरी टांकसाळच आहे असा. ‘लोडेड’ म्हणजे खिसे भरलेला. हे शब्द लॉटरी लागलेल्या प्लंबरलाही चालतात, त्यांत डंख फारसा नाही. ‘पॉश’, ‘टॉफ’, ‘स्लोन’, ‘रा’ हे मात्र वर्गाचे शब्द, तिथे बँकेचं पासबुक कुणी बघत नाही. आणि तिसरी जात आहे ती तोऱ्याच्या शब्दांची : ‘स्नॉब’, ‘टॉफी-नोज्ड’, ‘लेडी मक’. यांना ना पैसा लागतो ना घराणं, नाक वर असलं की पुरतं. ‘मक’ म्हणजे शेणखत. तेव्हा लेडी मक म्हणजे शेणाच्या गादीची महाराणी. आपल्याकडे ‘लागून गेली मोठी महाराणी’ म्हणतात तेच, फक्त वास जास्त.

## मुंबईच्या बोटीची सुंदर आणि खोटी गोष्ट

‘पॉश’ शब्द कुठून आला याची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती मुंबईशी जोडलेली असल्यामुळे आपल्याकडे ती जरा जास्तच प्रेमाने सांगतात. साहेब लोक पी अँड ओ कंपनीच्या बोटीने इंग्लंडहून मुंबईला यायचे. तांबड्या समुद्रात अंगाची लाही व्हायची. येताना बोटीची डावी बाजू साधारण उत्तरेकडे, म्हणजे सावलीत. परतताना उजवी बाजू. डाव्या बाजूला ‘पोर्ट’ म्हणतात, उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’. पैसेवाले जाता-येता सावलीची केबिन घ्यायचे, मग तिकिटावर शिक्का बसायचा ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. चार शब्दांची चार आद्याक्षरं, झाला ‘पॉश’.

गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच की असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, कंपनीच्या कागदपत्रांतही त्याचा मागमूस नाही. ही कथा छापून येऊ लागली ती १९३० च्या दशकात, आणि तोवर ‘पॉश’ हा शब्द चांगला रुळला होता. आधी शब्द आणि मग त्याला शोभेल अशी कथा, या प्रकाराला लोकव्युत्पत्ती म्हणतात. गावाच्या नावामागे पांडवांचा मुक्काम सांगणाऱ्या आपल्या लोकांना ती काही नवी नाही.

मग खरं मूळ? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या चोरबोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसा, विशेषतः चिल्लर. त्याच सुमारास छानछोकी करणाऱ्या माणसालाही ‘पॉश’ म्हणत. चिल्लरीचा हा ‘पॉश’ रोमानी भाषेतला, तिथे त्याचा अर्थ ‘अर्धा’. अर्ध्या पेनीवरून पैसा, आणि पैशावरून पैसेवाला, असा त्याचा प्रवास झाला असावा हे मत मला बोटीपेक्षा पटतं. रोमानी म्हणजे युरोपातल्या रोमा भटक्यांची भाषा, आणि तिचं कूळ उत्तर भारतातलं, मराठीच्याच आर्यभाषांच्या घराण्यातलं. मित्राला इंग्रज ‘पॅल’ म्हणतो तो शब्दही रोमानीच. मुळात तो ‘भाऊ’, आपल्या ‘भ्राता’चा नातलग. म्हणजे ‘पॉश’चा भारताशी संबंध असलाच तर तो पहिल्या वर्गाच्या केबिनमधून नव्हे, भटक्यांच्या गाडीतून आला.

## टोपीचा गोंडा आणि मोची

‘टॉफ’ म्हणजे जुन्या धाटणीचा उमराव, उंच टोपीवाला. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये एके काळी सरदारपुत्रांच्या टोपीला सोनेरी गोंडा असे, इतरांच्या काळा. गोंड्याला ‘टफ्ट’ म्हणत, त्यावरून ‘टॉफ’ आला असं मानतात. बड्यांच्या मागेपुढे करणाऱ्याला तेव्हा ‘टफ्ट-हंटर’ म्हणत, गोंड्याची शिकार करणारा. आपल्या ‘हुजऱ्या’ला इतकं नेमकं दृश्य नाही.

पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांच्या बोलीतून ‘टॉफी-नोज्ड’ वर आला. त्यात टॉफ तर आहेच, वर नाकही आहे. गर्व नाकात राहतो हे इंग्रजालाही आपल्याइतकंच ठाऊक. आपण मात्र नाकाने कांदे सोलायला लावून पुढची पायरी गाठली आहे.

सगळ्यात गमतीदार प्रवास ‘स्नॉब’चा. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्नॉब म्हणजे मोची. केंब्रिजचे विद्यार्थी गावातल्या सामान्य माणसाला, जो विद्यापीठाचा नाही त्याला, स्नॉब म्हणू लागले. म्हणजे स्नॉब हा वरच्याने खालच्याला लावायचा शब्द होता! तो उलटवला विल्यम मेकपीस ठाकरे याने. (जन्म कोलकात्याचा, १८११. आपल्या ठाकऱ्यांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग याच्या नावासारखं आहे, हा योगायोग नव्हे, प्रबोधनकारांनी या लेखकावरच्या प्रेमापोटी ते घेतलं असं सांगतात.) १८४६-४७ मध्ये त्याने ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात इंग्लंडमधल्या स्नॉबांवर लेखमाला लिहिली, तिचं पुस्तक १८४८ मध्ये निघालं. त्याचा स्नॉब म्हणजे वरच्यांची नक्कल करणारा, क्षुद्र गोष्टींपुढे क्षुद्रपणे लोटांगण घालणारा. नक्कल करणारा खालच्यांना तुच्छ लेखणारच. हळूहळू तोच अर्थ उरला. मोची गेला, मोच्याकडे नाक मुरडणारा राहिला.

स्नॉब म्हणजे लॅटिनमधल्या ‘कुलीन नसलेला’ या अर्थाच्या शब्दांचं संक्षिप्त रूप, असंही कुणी सांगेल. तीही बोटीच्याच जातीची गोष्ट. लगेच विश्वास ठेवू नका.

## आपण निर्यात केलेला शब्द

नवश्रीमंतांचा तिरस्कार इंग्रजांना शिकवायची गरज नव्हती, पण त्यासाठीचा शब्द त्यांनी आपल्याकडून नेला. ‘नबॉब’, म्हणजे आपला नबाब. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर बंगाल-मद्रासेतून गडगंज होऊन परत जायचे, जमीनदाऱ्या घ्यायचे, मतदारसंघ विकत घेऊन संसदेत बसायचे. रॉबर्ट क्लाइव्ह हा त्यांतला सर्वांत मोठा. १७७२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर सॅम्युएल फूटचं ‘द नबॉब’ आलं, त्यातल्या नबॉबाचं नाव सर मॅथ्यू माइट.

इंग्लंडच्या जुन्या उमरावांना नबॉबांचा राग का होता, हे पाहण्यासारखं आहे. लुटीबद्दल बोलणारे काही होते, नाही असं नाही. पण बऱ्याच जणांची खरी पोटदुखी वेगळी : काल कारकून म्हणून गेलेला पोऱ्या आज आपल्या शेजारी वाडा बांधतो! लोणचं मुरलेलं नाही आणि बरणी आमच्यापेक्षा मोठी.

उलटी वाहतूकही झाली. ‘लॉर्ड’चा आपण ‘लाट’ केला, आणि आजही तोऱ्यात वागणाऱ्याला विचारतो, स्वतःला लाटसाहेब समजतोस का? त्यांच्याकडे आपला नबाब टोमणा झाला, आपल्याकडे त्यांचा लॉर्ड. हिशेब चुकता.

## ‘टॉयलेट’ म्हटलं की तुम्ही सापडलात

इथे सामान्य वाचक चक्रावतो. आपल्याला वाटतं, वरचा वर्ग नाजूक शब्द वापरत असेल. नेमकं उलटं आहे.

१९५४ मध्ये अ‍ॅलन रॉस या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने एक निबंध लिहिला. वरच्या वर्गाच्या बोलण्याला त्याने ‘यू’ म्हटलं (‘अपर’ क्लासचं आद्याक्षर), बाकीच्यांच्या बोलण्याला ‘नॉन-यू’. पुढच्या वर्षी नॅन्सी मिटफर्ड या उमरावकन्या लेखिकेने तो विषय लोकप्रिय केला आणि अख्खा मध्यमवर्ग आपलंच बोलणं तपासू लागला. हातपुसण्याला ‘नॅपकिन’ म्हणाल तर यू, ‘सर्व्हिएट’ हा फ्रेंच शब्द वापराल तर नॉन-यू. ऐकू आलं नाही तर उमराव सरळ ‘व्हॉट?’ म्हणतो, मध्यमवर्गीय ‘पार्डन?’ म्हणतो. ‘टॉयलेट’ हाही नॉन-यू. उमराव ‘लॅव्हेटरी’ किंवा ‘लू’ म्हणणार.

यामागचं कारण ध्यानात घ्या. ज्याला घसरायची भीती नाही तो साधं बोलतो. पायरीवर मध्ये उभा असलेला जपून, सजवून बोलतो, आणि त्या सजावटीवरूनच ओळखू येतो. आपल्याकडे ‘बायको’ म्हणायला संकोचणारे ‘मिसेस’ म्हणतात. गावातला शेतकरी बिनदिक्कत ‘आमची बायको’ म्हणतो, आणि अगदी वरच्या घरातला माणूसही. मधल्यांनाच ‘मिसेस’ लागते. तसंच हे.

बीबीसीच्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेची नायिका हायसिंथ हिचं आडनाव ‘बकेट’. ती सगळ्यांना बजावते की उच्चार ‘बुके’ करायचा, फुलांचा गुच्छ. एवढ्या एका गोष्टीवर ती मालिका १९९० ते १९९५ चालली. ब्रिटनमध्ये बादलीचा पुष्पगुच्छ करू पाहणारी मावशी घरोघरी असते, म्हणूनच चालली.

## स्लोन रेंजर आणि ‘रा’

टॉफ जुना झाला तसे नवे शब्द आले. १९७५ मध्ये पीटर यॉर्क याच्या एका मासिकातल्या लेखाने ‘स्लोन रेंजर’ हा शब्द गाजवला. लंडनच्या चेल्सी भागातल्या स्लोन स्क्वेअरच्या आसपास वावरणारी, मोत्यांची माळ आणि रेशमी रुमाल घालणारी, शनिवारी गावच्या घरी पळणारी तरुण मंडळी. १९८२ मध्ये त्यांच्यावर थट्टेचं हँडबुक निघालं, मुखपृष्ठावर राजकन्या डायना. त्यांचा आरडाओरडा करणारा पुरुष अवतार म्हणजे ‘हूरे हेन्री’. हा अस्सल ब्रिटिश वाटणारा शब्द मुळात डेमन रन्यन या अमेरिकन कथाकाराचा आहे.

आजच्या कॉलेजात याच मंडळींची मुलं ‘रा’ म्हणून ओळखली जातात. नाव त्यांच्या बोलण्याच्या सुरावरून पडलेलं. केस मुद्दाम विस्कटलेले, स्वेटरला भोक, करंगळीत घराण्याची अंगठी, आणि शाळेनंतर जग हिंडण्यात घालवलेल्या ‘गॅप इयर’च्या कथा. त्याचा उच्चार ते ‘गॅप या’ करतात म्हणे. भोकाचा स्वेटर आणि अंगठी, दोन्ही एकाच वेळी. नवश्रीमंताला हे जमत नाही, तो भोक रफू करून घेतो.

## पण हे सगळं आता जुनं झालं नाही का?

हा आक्षेप रास्त वाटतो, आकडे मात्र साथ देत नाहीत. ब्रिटनमध्ये फी भरून खासगी शाळेत जाणारी मुलं सुमारे ७ टक्के. सटन ट्रस्ट या संस्थेने २०१९ मध्ये सत्तेच्या जागांवरच्या लोकांची शिक्षणं तपासली, तर ३९ टक्के खासगी शाळांतले निघाले. वरिष्ठ न्यायाधीशांत हे प्रमाण ६५ टक्के. त्या शाळांतल्या जुन्या आणि बड्या शाळांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात आणि तिथे पब्लिक जाऊ शकत नाही, हा इंग्रजी विनोद आहे. (अर्थ असा, की पूर्वी गाव वा धंदा न पाहता फी देईल त्या कुणालाही प्रवेश.) १४४० मध्ये स्थापन झालेल्या ईटनने २० पंतप्रधान दिले, त्यांतले डेव्हिड कॅमेरॉन आणि बोरिस जॉन्सन तर कालपरवाचे. तिथली वर्षाची फी आता साठ हजार पौंडांच्या वर आहे. १ जानेवारी २०२५ पासून सरकारने खासगी शाळांच्या फीवर २० टक्के कर लावला, तेव्हाचं भांडण पैशाचं होतं तितकंच या शब्दांचंही.

म्हणून तिथे राजकारण्याला ‘भ्रष्ट’ इतकंच ‘पॉश’ हे लेबल झोंबतं. २०१२ मध्ये कॅमेरॉन आणि अर्थमंत्री ऑस्बर्न यांना त्यांच्याच पक्षाच्या एका खासदारबाईंनी ‘दुधाचा भाव ठाऊक नसलेली दोन उद्धट पॉश पोरं’ म्हटलं. त्याच वर्षी अँड्र्यू मिचेल या बड्या नेत्याची सायकल पोलिसांनी पंतप्रधान निवासाच्या मोठ्या फाटकातून जाऊ दिली नाही. वादावादीत त्याने पोलिसांना ‘प्लेब’ म्हटलं असा आरोप झाला. शब्द रोमन काळातला, अर्थ ‘सामान्य रयत’. शिवी हासडल्याचं त्याने मान्य केलं, हा शब्द मात्र नाकारला! पद गेलं, आणि २०१४ मध्ये बदनामीचा खटलाही तो हरला. शिवी माफ, ‘रयत’ माफ नाही, हे आपल्याला नवलच.

ऋषी सुनक यांचं उदाहरण याहून बोलकं. २०२४ च्या श्रीमंतांच्या यादीत त्यांची आणि अक्षता मूर्ती यांची मालमत्ता ६५ कोटी १० लाख पौंड धरली होती. तेव्हाच्या निवडणुकीत, लहानपणी तुम्हाला कशाची उणीव भासली, या प्रश्नावर ते म्हणाले, आमच्याकडे स्काय टीव्ही (पैसे भरून घ्यायची वाहिनी) नव्हता. देशभर हशा पिकला. पण सुनक पॉश आहेत का, असं विचाराल तर ब्रिटिश माणूस अडखळतो. वडील डॉक्टर, आईचं औषधाचं दुकान, शाळा मात्र विंचेस्टर, १३८२ ची. मिन्टेड? निःसंशय. पॉश? तिथे तो जरा थांबेल.

## म्हणजे आपल्या जातीसारखंच ना?

मराठी वाचकाच्या मनात हे येणारच. साम्य आहे : जन्मावर बरंच ठरतं, उच्चारावरून माणूस ओळखतात, लग्न जुळवताना कळत-नकळत तेच बघतात. पण जात बदलता येत नाही. ब्रिटिश वर्ग दोन-तीन पिढ्यांत बदलतो, आणि पंक्तीला कुणी शिवाशीव पाळत नाही. तुलना उच्चार-शाळा-घराणं इथपर्यंत ठीक, त्यापुढे ताणली तर जातीचा जाच आपणच हलका करून दाखवतो.

एक फरक आणखी आहे. टोमणे वरच्या दिशेने जातात हे खरं, तसे खालच्या दिशेनेही जातात. स्वस्त दागिने आणि ट्रॅकसूट घालणाऱ्या गरीब पोरांना २००४ च्या सुमारास सर्रास ‘चाव’ म्हणू लागले. तोही बहुधा रोमानीच शब्द, मूळ अर्थ ‘मूल’. ‘टॉफ’ म्हटल्याने कुणाची नोकरी जात नाही. ‘चाव’ दिसणाऱ्याला मुलाखतीत ती मिळत नाही. दोन्ही शब्द गमतीचे म्हणून एकाच तराजूत टाकणं मला पटत नाही.

## तिथे गेल्यावर काय बोलायचं?

घराचं कौतुक करायचं तर ‘लव्हली’ म्हणा, सगळ्यांना चालतं. हॉटेलला, साबणाला, बिस्किटाला ‘पॉश’ म्हणायलाही हरकत नाही. माणसाला, त्याच्या उच्चाराला किंवा शाळेला म्हणू नका, निदान चांगली ओळख होईपर्यंत. ‘मिन्टेड’ पाठीमागे. ‘स्नॉब’ फक्त स्वतःला, हसत : ‘चहाच्या बाबतीत मी स्नॉब आहे’ हे सगळे म्हणतात. आणि ‘टॉयलेट’ खुशाल म्हणा. आपला उच्चार त्यांच्या शिडीवर कुठेच बसत नाही, त्यामुळे परक्याला ही एक सूट मिळते.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिने पुढच्या वेळी मैत्रिणीला सरळ विचारलं, की घोडे असून तुम्ही पॉश नाही, तर मग पॉश कोण? मैत्रिणीने खिडकीतून टेकडीपलीकडे बोट दाखवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘ते. त्यांच्याकडे तळं आहे.’